हात वर करायचे की उगारायचे?

लुटारू रिकाम्या हाताने पळाले, तर लुटलं गेलं कोण? आणि त्या झटापटीत लुटारूच मेला, तर गुन्हेगार कोण?

समजा, नवरात्राचे दिवस आहेत. तुम्ही चौघं मित्र शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर छत्रपती संभाजीनगरहून तुळजापूरला निघालात. बीड मागे पडलं, तेरखेडा गेलं. रात्रीचे दोन वाजलेत, गाडीत गाणी चालू आहेत. येरमाळ्याच्या अलीकडे धाडकन काचेवर दगड येतो. समोर पाच जण, हातात कोयते. तुमच्या सीटखाली लोखंडी टॉमी आहे. काय कराल?

हा प्रश्न मी आमच्या कँटीनमध्ये टाकला आणि सगळ्यांचे चहा गार झाले. एचआरमधली मैत्रीण म्हणाली, ‘‘पाकीट, मोबाइल, घड्याळ, सगळं देऊन टाकायचं. जीव मोलाचा.’’ टेस्टिंगवाला मित्र उसळला, ‘‘अरे, एक घालायचा डोक्यात, विषय संपला!’’ तिसऱ्याचं म्हणणं सगळ्यात मजेशीर होतं. ‘‘समजा ते नुसतेच आले आणि काही न घेता पळाले, तर केस कसली? कुणाचं काय गेलं?’’

माझं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, वाशी तालुक्यातलं. सोलापूर-धुळे महामार्गाच्या या पट्ट्यातल्या लुटीच्या बातम्या ऐकतच आम्ही मोठे झालो. चालत्या ट्रकवर चढायचं, ताडपत्री फाडायची आणि माल खाली फेकायचा, ही तर इथली जुनीच तऱ्हा. म्हणून मी या तिन्ही उत्तरांचा जरा पाठपुरावा केला.

‘काही गेलंच नाही’ म्हणजे काय?

नात्यातले माझे एक काका टेम्पो चालवायचे. एका रात्री याच रस्त्यावर चौघांनी त्यांना अडवलं. कोयता गळ्याशी आला आणि तेवढ्यात मागून ट्रकचे दिवे दिसले. चौघेही पसार! माल शाबूत, खिशातले पैसे शाबूत, अंगावर ओरखडा नाही. घरचे म्हणाले, देवीची कृपा. काका तक्रार द्यायलाही गेले नाहीत. ‘‘गेलं काय आपलं, की सांगायला जायचं?’’

पण त्यानंतर काकांनी रात्रीची भाडी घेणं बंद केलं. दिवसाच्या भाड्यात पैसा कमी, हप्ता तेवढाच. शेवटी टेम्पो विकला. आता सांगा, काही गेलं नाही?

कायदा इथे काकांपेक्षा शहाणा निघाला. ‘पीडित’ कोण, याची व्याख्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ साली आली: आरोपीच्या कृत्यामुळे ज्याचं नुकसान झालं किंवा ज्याला इजा झाली, तो. आणि इजा म्हणजे नुसतं रक्त नव्हे. शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांतल्या कशालाही बेकायदा पोचलेला अपाय म्हणजे इजा, असं दंड संहितेने १८६० सालीच लिहून ठेवलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांनी हे दोन्ही तसंच ठेवलं. म्हणजे काका पीडित होते, शंभर टक्के.

लुटीचा नुसता प्रयत्न हाही स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. प्राणघातक हत्यार हाती असेल तर किमान सात वर्षं. काकांना अडवणारे चौघे होते. पाचवा असता तर तो थेट दरोडा ठरला असता. कारण पाच किंवा जास्त जणांनी मिळून लुटीचा प्रयत्न केला, तरी कायद्याच्या व्याख्येत तो दरोडाच. मग हाती काही लागो न लागो, शिक्षा जन्मठेपेपर्यंत.

आणि टॉमी?

आता खरा प्रश्न. काकांच्या हाताशीही टॉमी होती. त्यांनी ती हाणली असती आणि समोरचा मेला असता तर?

भारतीय न्याय संहितेचं कलम ३४ ते ४४ (आधी दंड संहितेचं ९६ ते १०६) म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क. यातलं कलम ४१ वाचून मी चाट पडलो. मालमत्ता वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी चालेल, अशा प्रसंगांची तिथे यादीच आहे. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं आणि मरणाची किंवा जबर दुखापतीची भीती वाटावी अशी चोरी वा घुसखोरी. यांतला गुन्हा पुरा व्हायची वाट बघायची नाही, प्रयत्नसुद्धा पुरे! साधा पाकीटमार मात्र या यादीत नाही. त्याचा जीव घ्यायचा हक्क तुम्हाला कुणी दिलेला नाही.

बरं, त्या अंधारात नेमका किती जोर लावायचा हे मोजणार कोण? इथे अमजद खान येतो. हसू नका, ‘शोले’तला गब्बर नव्हे! हा कटनीचा बंदूकवाला. मार्च १९५० मध्ये तिथे दंगल उसळली. जमावाने शेजारचं भावाचं दुकान लुटलं, मग याच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. त्याने गोळी झाडली, एक जण मेला. खाली तो दोषी ठरला, पण १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विव्हियन बोस आधी नागपूरच्या उच्च न्यायालयात होते. त्यांच्या म्हणण्याचं सार असं, की जमाव दार फोडत असताना माणसाने किती बळ वापरलं, हे नंतर सोन्याच्या तराजूत तोलायचं नसतं. २०१० च्या दर्शनसिंग खटल्यातही न्यायालयाने बजावलं, की हल्ला झाल्यावर भेकडासारखं पळून जा, असं कायदा कुणाला सांगत नाही.

टेस्टिंगवाला मित्र हे ऐकून टाळी मागायला आला. म्हटलं, थांब जरा!

तराजू नाही, पण घड्याळ आहे

कायदा सोन्याचा तराजू काढत नाही, पण घड्याळ नक्की बघतो. धोका आहे तोवर हक्क. लुटारू मारतोय, अडवून धरतोय किंवा तत्काळ मरणाची भीती आहे तोवर हाणा. तो पाठ फिरवून पळाला, की हक्क संपला. १९६२ च्या जय देव खटल्यात हेच घडलं. पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, म्हणून दोषी ठरवणारा निकाल कायम राहिला. लुटारू जमिनीवर पडलाय, हत्यार सुटलंय आणि तुम्ही आणखी चार ठेवून देताय, तर ते संरक्षण नाही, सूड आहे. कलम ३७ ची अटही स्पष्ट आहे: गरजेपेक्षा जास्त इजा नको आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्कच नाही.

‘‘एवढं कोण लक्षात ठेवणार?’’ मित्र म्हणाला. बरोबर आहे. पण ही अट लुटारूच्या लाडासाठी नाही. ती का हवी, हे आमच्या भागातल्या माणसाला चांगलं कळतं.

समोरचा लुटारूच आहे ना?

१८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या कित्येक जमातींवर जन्मजात चोर असा शिक्का बसला. कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर पारध्यांच्या पालावर जाते. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसू लागले. चोर टेहळणी करतायत, अशी आवई उठली आणि गावोगाव लोक काठ्या घेऊन जागले. अशा रात्री एखादा अनोळखी माणूस रस्ता चुकून आला असता तर?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असंच झालं. मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. दोन्हीकडे मारणाऱ्यांना वाटत होतं, आपण गाव वाचवतोय. राईनपाड्याच्या खटल्यात २०२४ साली सात जणांना जन्मठेप झाली.

गळ्याशी आलेला कोयता आणि मनात आलेला संशय यांत फरक आहे. कायद्याचं ते घड्याळ हाच फरक दाखवतं.

माझं मत विचाराल तर

एचआरवाली मैत्रीण व्यवहाराने बरोबर आहे. फोन परत घेता येतो, डोकं नाही. पण कुणी प्रतिकार केला आणि लुटारू मेला, तर मी त्या माणसाला खुनी म्हणणार नाही. कोयता घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्याने तो धोका स्वतः पत्करलेला असतो. मात्र तो पळाल्यावर त्याच्या मागे धावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, मग तो माझा मित्र का असेना. आणि काही गेलंच नाही म्हणणाऱ्या तिसऱ्या मित्राला मी काकांचा नंबर दिलाय. टेम्पो का विकला, ते त्याने स्वतःच विचारावं.

चौकट: तुमच्यावर वेळ आली तर

• ११२ फिरवा. काही गेलं नसलं तरी तक्रार द्या. प्रयत्न हाही गुन्हा आहे.

• प्रतिकारात कुणी जखमी झालं, तर स्वतःच कळवा. गुन्हा नोंदला जाऊ शकतो, अटकही होऊ शकते. पहिल्या जबाबापासून खरं तेच सांगा.

• स्वसंरक्षण होतं, हे दाखवायची जबाबदारी तुमची. पण ते संशयातीत सिद्ध करावं लागत नाही, शक्यतेचं पारडं तुमच्या बाजूने झुकलं तरी पुरे.

• तो पळाला? पळू द्या. गाडीचा नंबर लिहून घ्या.