इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचे व्यापारी आणि त्यांची संघटना

एखादे विमान अथवा क्ष-किरण यंत्र वीस-तीस वर्षे वापरात राहते. त्यातील चिपचे उत्पादन मात्र काही वर्षांतच बंद पडते. दुरुस्तीच्या वेळी अधिकृत वितरकाकडे ती मिळत नाही आणि ग्राहकाला स्वतंत्र वितरकाकडे वळावे लागते. उत्पादकाशी करार नसलेला हा व्यापारी कारखान्यांतील शिल्लक साठा व खुल्या बाजारातील माल घेऊन पुरवितो. हा व्यवहार कायदेशीर आणि उपयुक्तही होय. परंतु माल किती हातांतून आला याचा दाखला पुष्कळदा नसतो. बनावट मालाला वाव मिळतो तो येथेच.

बनावटीची रीत फारशी अवघड नाही. भंगारातील संगणकांच्या चिप तापवून उपटल्या जातात व धुतल्या जातात. त्यांवरील मूळ अक्षरे घासून, काळा थर देऊन नवा क्रमांक व नवी तारीख छापली जाते. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील शांतौ परिसर याबद्दल कुप्रसिद्ध झाला. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने २०१२ च्या अहवालात लष्करी पुरवठ्यातील संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदविली. त्यांतील भाग दहा लाखांहून अधिक होते. बियाण्याच्या पिशवीवरील छाप खोटी निघाली तर एक हंगाम जातो. येथे वैमानिकाच्या जिवाचा प्रश्न असतो.

या अहवालाच्या कितीतरी आधी, २००३ मध्ये, काही स्वतंत्र वितरकांनी ‘इंडिपेंडंट डिस्ट्रिब्युटर्स ऑफ इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. एकाच्या लबाडीने साऱ्या धंद्याची पत जाते, तेव्हा या उपक्रमात स्वार्थही होताच; त्यात वावगे काही नाही. खुल्या बाजारातील माल नेमका कसा तपासावा, याचे सर्वमान्य प्रमाण तेव्हा नव्हते. संघटनेने २००६ मध्ये दृश्य तपासणीचे प्रमाणपत्रक प्रसिद्ध केले आणि तपासनिसांसाठी परीक्षाही सुरू केली. वेष्टन, छपाई, पृष्ठभागावरील ओरखडे आणि पायांवरील जुन्या डाखाच्या खुणा भिंगाखाली पाहून माल स्वीकारावा की नाकारावा, हे तीत ठरते.

डिसेंबर २०११ च्या अमेरिकी कायद्याने संरक्षण खात्याची खरेदी शक्यतो उत्पादक वा अधिकृत विक्रेत्यांकडूनच करण्याचे बंधन घातले. अन्यत्र खरेदी करावयाची झाल्यास पुरवठादार विश्वासार्ह ठरावा लागतो. त्यामुळे तपासणीचे मोल वाढले. मात्र पूर्वी ॲसिटोनच्या बोळ्याने सुटणारा काळा थर पुढे बनावट करणाऱ्यांनी न सुटणारा केला. आता क्ष-किरणांखाली चिपचे अंतरंग पाहावे लागते, आणि प्रसंगी नमुन्याचे कवच विरघळवून आतील मूळ खूण वाचावी लागते.