ब्लूमिंग्टनची पियानोशाळा : एक मागोवा

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात, चुनखडीच्या खाणींसाठी ख्यातनाम असलेल्या मुलखात, ब्लूमिंग्टन नावाचे विद्यापीठनगर आहे. न्यूयॉर्कचे वैभव वा बोस्टनची नागर परंपरा त्याच्या वाट्याला आली नव्हती, आणि तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पियानोवादनाच्या उच्च शिक्षणाचे एक अग्रगण्य पीठ म्हणून या गावाची कीर्ती झाली. ही कीर्ती एखाद्या अलौकिक शिष्याच्या पराक्रमाने आली असे मानणे सोपे आहे. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांचा आढावा घेतला असता निराळेच कारण हाती लागते.

येथील विद्यापीठातील संगीतविद्यालय १९२१ साली स्थापन झाले असले, तरी त्याचा खरा उत्कर्ष १९४७ साली विल्फ्रेड बेन अधिष्ठाता म्हणून रुजू झाल्यानंतरचा. वादन ही हस्तकौशल्याची बाब असून विद्वत्तेच्या दालनात तिला दुय्यम आसनच योग्य, हा ग्रह त्या काळी अनेक विद्यापीठांत दृढ होता. बेन यांनी त्याच्याशी शाब्दिक वाद घालण्याऐवजी मैफली गाजविणाऱ्या कलावंतांनाच कायम नेमणुका देण्याचा शिरस्ता घातला, आणि अध्यापकाने व्यासपीठ सोडावे अशी अट न घालता, त्याने व्यासपीठावरून थेट वर्गात यावे अशीच व्यवस्था केली.

१९५२ साली पियानोवादक सिडनी फॉस्टर आले. लेव्हेंट्रिट पुरस्काराचे ते १९४० सालचे पहिलेच मानकरी होते. १९५५ साली मेनाहेम प्रेस्लर आले. जर्मनीतील माग्देबुर्ग येथे जन्मलेले आणि १९३९ साली नाझी अत्याचारांतून कुटुंबासह निसटून पॅलेस्टाइनला पोहोचलेले हे गृहस्थ १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोतील डेब्युसी स्पर्धा जिंकून नावारूपाला आले होते. ब्लूमिंग्टनला ते अल्पकाळाच्या बोलीवर आले, ज्या वर्षी ते आले त्याच वर्षी टँगलवूड येथे त्यांच्या ‘बो-आर्ट्स त्रयी’ने पहिले वादन केले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगाची भ्रमंती केली, पण अध्यापनासाठी त्यांनी हेच गाव आपले मानले. १९६२ साली हंगेरीचे ग्यॉर्गी शेबॉक दाखल झाले, आणि १९६८ ते १९७७ या काळात क्यूबाचे होर्हे बोलेत यांचेही वास्तव्य येथे घडले.

येथे एका गोष्टीची नोंद घेणे अगत्याचे आहे. प्रेस्लर यांनी बुसोनी यांचे शिष्य एगॉन पेत्री यांच्याकडे शिक्षण घेतले होते, म्हणजे त्यांच्या मागे बुसोनीची परंपरा उभी होती. शेबॉक बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीत घडले होते. फॉस्टर आणि बोलेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेतून आले होते. आपल्याकडे एका घराण्याचा गंडा बांधलेल्या शिष्याला दुसऱ्या घराण्याची गायकी ऐकणेही एके काळी दुरापास्त होते; त्या पार्श्वभूमीवर येथे अशी तीन घराणी एकाच इमारतीत शेजारी शेजारी नांदताना पाहिली, म्हणजे या व्यवस्थेचे अपूर्वत्व ध्यानात येते.

तिचा परिणाम शिष्यांवर झाला नसता तरच नवल. एकाच्या पाठाला इतरांनी श्रोते म्हणून बसावे आणि पदवीसाठी जाहीर वादन अनिवार्य असावे, या दोन नियमांमुळे विद्यार्थ्याला आपल्याहून सरस वादन ऐकण्याची सवय लागली आणि स्वतःचे उणेपण चारचौघांत सोसण्याची ताकदही आली. शेबॉक यांचा भर हाताची हालचाल आणि संगीताचा आशय यांतील अभेदावर असे. त्यांचे शिष्य जेरेमी डेंक यांनी पियानोबरोबर रसायनशास्त्राचीही पदवी घेतलेली होती. पुढे ते वादक म्हणून जितके मान्यता पावले तितकेच आपल्या गुरूंविषयी मार्मिक लिहिणारे लेखक म्हणूनही. जोनाथन बिस यांचा जन्मच १९८० साली याच गावी, तेथे व्हायोलिन शिकविणाऱ्या दांपत्याच्या पोटी झाला, आणि कर्टिसला जाण्यापूर्वी एव्हलिन ब्रँकार्ट यांच्याकडे त्यांची जडणघडण झाली.

उत्तरकाळात, २००४ साली, आंद्रे वॉट्स अध्यापकवर्गात सामील झाले. वयाच्या सोळाव्या वर्षी ग्लेन गूल्ड यांच्या जागी ऐनवेळी उभे राहून, लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली लिस्टचा पियानो-कॉन्चेर्टो वाजवून ज्यांनी अमेरिकेला चकित केले होते, तेच हे वॉट्स. वॉट्स आणि प्रेस्लर हे दोघेही २०२३ साली निवर्तले. तत्पूर्वी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, प्रेस्लर बर्लिन फिलहार्मोनिकसमवेत प्रथमच वाजवून आले होते.

या वैभवाला दुसरी बाजू आहेच. वादक घडविणाऱ्या संस्था वाढल्या, त्या मानाने मैफलींची व्यासपीठे वाढली नाहीत. त्यामुळे अशा विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्यांच्या नशिबी कीर्ती नव्हे, अध्यापनच येते. परंतु त्याला अपयश म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्या अध्यापनामुळे ब्लूमिंग्टन मोठे झाले तेच ते अध्यापन.

पारितोषिकांच्या यादीवरून विद्यापीठाची योग्यता ठरविणाऱ्यांनी एक साधा हिशेब पाहावा : फॉस्टर यांनी येथे पंचवीस वर्षे शिकविले, शेबॉक यांनी सदतीस, आणि प्रेस्लर यांनी सुमारे अडुसष्ट. थोर कलावंताला निमंत्रण देणे कोणत्याही श्रीमंत संस्थेला जमते. त्याला आयुष्यभर शिकवावेसे वाटेल अशी जागा निर्माण करणे, हीच ब्लूमिंग्टनची खरी कमाई होय.