न बोलता सांगणे (लेखांक ६) : घागर मांडणारे, मडके फोडणारे

अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावाबाहेर, एका शेतात वाघ घराण्यातले महाराज घट मांडतात. गहू, ज्वारी, तूर, सरकी अशी अठरा धान्ये गोलाकार ठेवायची. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, खाली पानसुपारी. पुरी म्हणजे पृथ्वी, पानसुपारी म्हणजे राजा. रात्री तिकडे कुणी फिरकायचे नाही. पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणता दाणा जागचा हलला ते पाहून पीकपाण्याचे भाकीत जाहीर होते. ऐकायला शेतकऱ्यांची गर्दी असते.

या भाकितांना शास्त्राचा आधार नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाले सांगत आले आहेत आणि ते खरेच आहे. पण सांगण्याची रीत म्हणून घटमांडणी पाहावी. पावसाचा अंदाज आकड्यांत ऐकून विसरणारा माणूस भिजलेले ढेकूळ विसरत नाही.

गेल्या लेखात आलेल्या हिब्रू संदेष्ट्यांकडेही असलाच घरगुती ऐवज होता. फरक एवढाच, की भेंडवळला खूण रात्रीतून उमटण्याची वाट पाहतात. त्या संदेष्ट्यांपैकी यिर्मया ती स्वतःच्या हातांनी घडवत असे. त्याने कुंभाराकडून मडके विकत घेतले, वडीलधाऱ्यांना यरुशलेमच्या वेशीबाहेर नेले आणि त्यांच्यासमोर ते फोडले. हे शहर असेच फुटेल, पुन्हा सांधता येणार नाही! पुढे मंदिराचा अधिकारी पशहूर याने त्याला मारून खोड्यात अडकवले.

म्हणजे खूण नीट पोचली होती.

बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजापुढे मान तुकवा, हे पटवायला तो मानेवर जू घेऊन हिंडला. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने ते जू चारचौघांत मोडले. वाद शब्दांचा राहिलाच नव्हता. खुणेला उत्तर खुणेनेच द्यावे लागले. (भेंडवळच्या महाराजांवर अशी पाळी आलेली नाही. मात्र 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे त्यांनी राजाचे, म्हणजे सत्तेचे, भाकीत सांगायचे टाळले.)

यिर्मयाचा सगळ्यात धाडसी प्रयोग मात्र फोडण्याचा नव्हता, जपण्याचा होता. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला, तो स्वतः पहाऱ्यात बंदिस्त. अशा वेळी त्याने अनाथोथ या आपल्या गावचे शेत चुलतभावाकडून 17 शेकेल चांदी तोलून विकत घेतले. शत्रूच्या टाचेखाली गेलेल्या मुलखात जमीन घेणाऱ्याला आपल्याकडेही वेड्यातच काढतील. त्याने साक्षीदार बसवले, खरेदीखतावर मोहर उठवली आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावले. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, एवढेच त्याला सांगायचे होते.

वेढा मोडला नाही. इसवी सनपूर्व 586 च्या सुमारास शहर पडले.