ब्रेडची दोरी आणि तर्जनी

खडकावरून गळ टाकणाऱ्याची तर्जनी जरा निरखून पाहा. पहिल्या पेरावर आडवी, कागदाने कापल्यासारखी चीर दिसली, की समजायचं, गडी तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) सोडून ब्रेडवर आलाय.

ब्रेड म्हणजे पॉलिथिलीनच्या बळकट तंतूंची वेणी. तेवढाच भार पेलणाऱ्या तंगुसापेक्षा ती कितीतरी बारीक, आणि ताणली म्हणून लांबत नाही. तंगूस थोडा ताणून झटका गिळतो; ब्रेड तो सगळा फेकताना दोरी धरणाऱ्या तर्जनीवर सोडते. त्यात खाऱ्या पाण्याने भिजून कातडी मऊ झालेली.

खरा उपाय शॉक लीडर. ब्रेडच्या पुढे जाड तंगूस जोडायचा, इतका लांब की फेकताना त्याचे चार-पाच वेढे रिळावर राहतील आणि बोटाखाली ब्रेड येणारच नाही. जाडीचा जुना ठोकताळा असा: दर औंस (सुमारे 28 ग्रॅम) शिशाला 10 पौंड भार पेलणारा तंगूस. म्हणजे 4 औंसांना 40 पौंडी लीडर. शिसं जड नसेल तर चामड्याचं बोटमोजंही चालतं. साधी चिकटपट्टी मात्र दोन-चार फेकीत भिजून सुटते. फेकण्याआधी ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट करा. अनेकांचं बोट कापतं ते ऐन फेकीत रीळ सरकून दोरी बोटावरून घसरल्यामुळे.

गळ खडकात अडकला, तर दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नका. लाकडाच्या तुकड्याला वेढे द्या आणि तो धरून ओढा.