काळ्या मातीचा रंग

मे महिन्यातला अकोला. कूलरपुढे बसलं तरी ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळून जातं. पण ते निमित्त. खरं म्हणजे दोन महिने कॅनव्हासवर नवीन काही उतरतच नव्हतं. उतरायचं ते सगळं पाठ झालेलं: निंबाचं झाड, बैलगाडी, मागं तीन रेघांचा डोंगर. हात सराईतपणे चालायचा, हीच पंचाईत होती.

दर्यापूरकडं गेलो होतो, तिथल्या एका शेतातली ढेकळं पोत्यात भरून आणली. शेतमालक गंमत बघत होते. "काऊन जी, रंग लय महाग झाले काय?"

घरी ढेकळं फोडून बादलीत भिजवली. खडे-काड्या खाली बसल्यावर वरचा गाळ मलमलीतून गाळून घेतला. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात घोटला. जलरंगातही डिंकच असतो, तोही बाभळीच्या गणगोतातल्या झाडाचा. हा लेप ब्रशला दाद देईना, म्हणून पुट्टीच्या पत्र्यानं प्लायवर ओढला. सकाळी बघतो तर सगळा तडकलेला! ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे लहानपणापासून बघत आलोय. प्लायवर मात्र विसरलो.

अजिंठ्याच्या भिंतींवर चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेले आहेत. ते आठवून जुन्या उशीतला कापूस पिंजून मातीत घातला. भेगा बारीक झाल्या, आणि काही ठिकाणी मला हव्या तिथंच थांबल्या.

पुढच्या फळीला खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी वापरलं. वाळल्यावर काळ्यावर मिठाची पांढुरकी साय आली. तसा पांढरा मला ट्यूबमधून कधीच साधला नसता.

नागपुरात 1924 साली जन्मलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडेंनी ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतले. ती मला नुसती शैली वाटायची. आता वाटतं, सवयीच्या हातातलं हत्यार काढून घेणंही त्यात असेल.

आतापर्यंत 11 फळ्या झाल्या. त्यातल्या 4 फळ्यांचा लेप पोपडे धरून खाली आला. तो पुन्हा बादलीत भिजत घातलाय.