लेक गेली सेवेला, वजावट कोणाची?

न्यू जर्सीत आपल्या मराठी मंडळींची टॅक्स रिटर्न भरून देताना दर मार्चमध्ये हा प्रश्न येतो. ‘ताई, मुलगी ग्वाटेमालात शाळा बांधायला गेली होती. विमानाचं तिकीट, लसी, राहणं-खाणं, सगळं माझ्या कार्डावर. शिवाय ती माझी डिपेंडंट. मग वजावट का नाही?’

नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी स्वतः राबताना खिशातून गेलेल्या खर्चाची सूट अमेरिकन कायदा देतो. पण इथे राबली मुलगी आणि पैसे गेले वडिलांचे. डिपेंडंट म्हणून नाव लावलं, म्हणून तिची सेवा वडिलांची होत नाही.

हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. डेव्हिस दांपत्याची दोन मुलं मॉर्मन चर्चच्या मिशनवर गेली, एक न्यूयॉर्कला, एक न्यूझीलंडला. चर्चने सांगितलेल्या अंदाजानुसार आईवडिलांनी पैसे भरले, पण थेट मुलांच्या खात्यात. १९९० मध्ये न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी एकमताचा निकाल लिहिला: वजावट नाही. पैसा मुलांच्या हातात होता, त्यावर चर्चचा कायदेशीर ताबा नव्हता. आईवडिलांचं मन दुखावणारा असला तरी मला हा निकाल पटतो. नाहीतर घरातला कोणताही खर्च दानाच्या नावाखाली खपवता येईल. पुढे १९९१ पासून चर्चनेही पद्धत बदलली; अमेरिकेतली कुटुंबं ठरावीक रक्कम चर्चच्या फंडात भरू लागली.

म्हणून तिकीट काढण्याआधी मला फोन करा. दान संस्थेच्या सर्वसाधारण निधीला द्यायचं, ‘माझ्या मुलीसाठी’ अशी अट न घालता. कोणावर किती खर्चायचं ते संस्थेने ठरवायचं. अडीचशे डॉलर किंवा त्याहून जास्त दिले, तर लेखी पोच हवीच.

आपल्याकडची मुलं हल्ली सुट्टीत आजोळच्या भागातल्या एखाद्या ट्रस्टकडेही जातात. फार चांगलं करतात. पण तो ट्रस्ट भारतात नोंदलेला. भारतातल्या करसवलतीसाठी मिळणारी त्याची ८०जीची पावती अमेरिकेच्या रिटर्नमध्ये चालत नाही. थेट दिलेली देणगीही नाही.

आणि एवढं सगळं जमवूनही २०२५ सालापर्यंत बहुतेक घरांत फरक पडत नव्हता. २०२४ सालासाठी नवराबायकोच्या एकत्र रिटर्नला २९,२०० डॉलरची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पावत्या न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट होती. घरकर्जाचं व्याज, राज्याचे कर आणि देणग्या मिळून बेरीज त्यापुढे गेली, तरच त्या वर्षी ती पावती फायलीतून बाहेर काढावी लागत होती.