जामसरला सुरू, जव्हारला पूर्ण

समजा, जव्हार तालुक्यातल्या जामसर गावात कुणी रात्रभराच्या तारपा नाचाचं मोबाइलवर चित्रण केलं. २ जीबीची फाइल झाली, आणि ती ब्राउझरमधून मुंबईतल्या एखाद्या अभ्यासकाच्या संग्रहात पोहोचवायची आहे. मुलुख डोंगराचा, रेंज येते, जाते. सेकंदाला १ मेगाबिट वेग मिळाला, तरी साडेचार तासांच्या आसपास लागणार.

ब्राउझरमधून फाइल पाठवण्याची युक्ती झेरॉक्समधल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मासिंटर यांनी १९९५ साली ‘आरएफसी १८६७’ या टिपणात मांडली. फॉर्मवर एक बटण, त्यातून फाइल निवडायची, आणि अख्खी फाइल एकाच विनंतीत रवाना. आजही आपण तेच बटण दाबतो. पण एकच विनंती म्हटली की चौथ्या तासाला रेंज गेली तर पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरुवात. शिवाय सर्व्हरही हात आखडता घेतात. ‘एनजिनएक्स’ या सर्व्हरची मर्यादा कुणी वाढवली नसेल, तर १ एमबीपेक्षा मोठी विनंती तो ‘४१३’ हा त्रुटी-क्रमांक देऊन परत धाडतो.

यावरचा तोडगा मला विलक्षण सुंदर वाटतो. ब्राउझर फाइलचे तुकडे करतो, पण कापताना ती वाचतसुद्धा नाही. कितव्या बाइटपासून कितव्यापर्यंत, एवढीच नोंद ठेवतो. म्हणूनच २ जीबीची फाइल साध्या फोनच्या मेमरीलाही जड होत नाही. ज्या तुकड्याची पाळी, तेवढाच उचलला जातो. ५ एमबीचा एकेक धरला तर सुमारे ४०० तुकडे. दोनशे सतरावा जाताना रेंज गेली, तर तेवढाच पुन्हा पाठवायचा.

आणि कुठवर पोहोचलो, हे लक्षात कोण ठेवतं? सर्व्हर! ‘टस’ या खुल्या पद्धतीत ब्राउझर आधी नुसतं विचारतो, ‘किती आलं?’ सर्व्हर एक आकडा सांगतो, आणि त्याच्या पुढच्याच बाइटपासून पाठवणं सुरू होतं. मधे ब्राउझर बंद झाला तरी बिघडत नाही, कारण अपलोडचा पत्ता त्याने फोनमध्ये जपून ठेवलेला असतो. फाइल मात्र पुन्हा आपल्याच हाताने निवडावी लागते. कुठलंही संकेतस्थळ आपल्या फोनमधली फाइल परस्पर उचलू शकत नाही, आणि हा पहारा सैल झालेला मला मुळीच आवडणार नाही. निवडलेल्या फाइलचं नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ जुळली की ती तीच, हे ओळखलं जातं.

त्यामुळे अर्धी फाइल जामसरहून मोबाइलच्या नेटवर गेली आणि उरलेली दुसऱ्या दिवशी जव्हारच्या वायफायवरून, तरी चालतं. फोनचा इंटरनेटवरचा पत्ता एव्हाना बदललेला असतो. सर्व्हर तो पाहतच नाही, पुढचा बाइट कोणता एवढंच पाहतो.